दुधाच्या खर्चाची वाटणी

७ सप्टेंबर.
आजपासून डेअरीच्या हिशेबात शिस्त. अख्ख्या जटलंडमध्ये नसेल अशी. एकाच दुधातून चीज निघतं आणि उरलेल्या पाण्याची, म्हणजे निवळीची, पावडर होते. मग दुधाचा खर्च कुणाच्या नावावर किती? आजवर सगळा चीजच्या माथी मारला जायचा. अन्याय! यापुढे वजनानुसार वाटणी.

८ सप्टेंबर.
वाटला. निवळीचं वजन चीजच्या कितीतरी पट. त्यामुळे जवळजवळ सगळा खर्च पावडर विभागावर. विभाग एका दुपारीत तोट्यात. त्याचा प्रमुख एबे, म्हणजे बोडिलचा भाऊ, माझा सख्खा मेहुणा. पण हिशेबात नाती आणायची नाहीत.

११ सप्टेंबर.
आमची डायरेक्टर मेरेटे खूश. म्हणाली, "अरे टोर्किल, हा तोटा इतकी वर्षं लपला होता कुठे?" तोटा नव्हताच, नुसती वाटणी बदलली, असं सांगणार होतो. पण तिनं केक मागवला. सोमवारी नक्की सांगायचं.

१३ सप्टेंबर, रविवार.
एबेकडे जेवण. मला सगळ्यात मोठा तुकडा वाढून म्हणाला, "दाजी, आमचं खातं तोट्यात कसं हो? माल तर सगळा खपतोय." मी म्हणालो, नव्या पद्धतीत तसं दिसतं. "दिसतं, की आहे?" मी बटाटे मागितले.

२१ सप्टेंबर.
विक्रीच्या किमतीनुसार वाटून पाहिलं. दोन्ही विभाग नफ्यात! कागद घेऊन मेरेटेच्या दारापर्यंत गेलो. आत ती फोनवर सांगत होती, टोर्किलसारखा ठाम माणूस मिळायचा नाही. परत आलो. ठाम माणूस पंधरवड्यात मत बदलत नाही.

२ ऑक्टोबर.
पावडर विभाग बंद. एबे आणि त्याची माणसं घरी. बोडिलनं विचारलं, "तू एका शब्दानंही बोलला नाहीस?" मी म्हणालो, पद्धत पुस्तकातली आहे. ती दुसऱ्या खोलीत झोपते आहे. माझ्या घोरण्यामुळे असेल.

१९ नोव्हेंबर.
चमत्कारिक. पावडर बंद, पण दुधाचं बिल एका क्रोननंही उतरलं नाही. सगळा खर्च पुन्हा चीजवर. निवळी निघायची थांबत नाही, नाल्यात सोडता येत नाही. पूर्वी विकायचो, आता न्यायला पैसे मोजतो. चीजही तोट्यात. मेरेटे म्हणाली, "मग आता चीजही बंद करायचं का रे?" मी म्हणालो, तपासून सांगतो.

४ डिसेंबर.
फाटकापाशी एबे. निवळीचा टँकर आता तोच चालवतो, डुकरांच्या फार्मवर नेतो. आज मन घट्ट करून माफी मागणारच होतो. त्यानंच खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. "दाजी, मनाला लावून घेऊ नका. विभागच तोट्यात होता, तुम्ही तरी काय करणार? बोडिलला मी तेच सांगतो, दाजी आमच्यासाठी नक्की भांडले असतील."

मी मान हलवली. होकारार्थी.