झाकणाच्या आतला कप्पा

ता. ९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं डाव्या हातानं लिहिलेलं पत्र मिळालं. आधी वाटलं, शाईत पाय बुडवून कोंबडी कागदावरून चालत गेली. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, मजकूर मात्र नेहमीसारखाच आहे, सगळ्यांना बोलणी आहेत. पण खरं सांगू? वाचून मी फार चिडले. एकसष्टाव्या वर्षी वाळक्या शेंगा काढायला स्टुलावर कोण चढतं? आणि पडायचं तर पडायचं, नेमकं उजवं मनगट मोडून घ्यायचं?

यंदा प्रदर्शनाला कुणीच जायचं नाही, हे तुझं वाक्य मी वाचलंच नाही असं समज. वाळक्या शेंगा-बोंडांची, दारावर लावायची बेचाळीस चक्रं तू बांधून ठेवली आहेस, त्यांचं काय करायचं? आठ वर्षं आपण मागच्या भिंतीपाशी, संडासाच्या वाटेवर बसलो, तेव्हा कुठे कोपऱ्याची जागा मिळाली. एक वर्ष गैरहजर राहिलो की ती दुसऱ्याला जाते. मी एकटी जाते. मला बोलता येतं, विकता येतं. फक्त एक अडचण आहे. अकरा वर्षं सामान तू बांधलंस आणि मी नुसती तोंड घेऊन आले. काय काय न्यायचं ते सविस्तर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

एक विचारू का? यंदा तू नाहीस तर माझे उशांचे चार भरतकामाचे अभ्रे टेबलाच्या कडेला ठेवले तर? नाही म्हणणार, माहीत आहे. तरी विचारलं.

लोभ ठेव, ओरडा आवर.

तुझी,
चिमी

*

ता. ३० सप्टेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

अभ्रे न्यायचे नाहीत. आधी हे संपवलं, आता पुढचं.

चक्रं मी सात खोक्यांतून पाठवते आहे. खोक्यात आडवी काठी आहे आणि चक्रं तिला ओळीनं अडकवली आहेत. ती तशीच राहू देत. जागा वाचवायला एकावर एक ठेवलीस तर खालच्यांचा भुगा होईल. सोबत पत्र्याची पेटी येईल. तिच्यात पक्कड, बारीक तार, डिंक, धूळ झटकायचा मऊ ब्रश, नावाच्या चिठ्ठ्या आणि एस आकाराचे हूक आहेत. हूक दुप्पट दिलेत, कारण चांगली चांगली माणसं हूक खिशात घालून जातात.

तुझ्या घरून काय न्यायचं ते लिहून घे. टेबलावरची चादर जमिनीला टेकेल एवढी लांब, म्हणजे रिकामी खोकी तिच्या मागे लपतात. गेल्या वर्षी तू आखूड आणलीस आणि तीन दिवस लोकांनी आपले डबे बघितले. वाळूच्या चार पिशव्या, स्टँडच्या पायांवर ठेवायला. तुझ्या माळ्यावरचं निळं दार न्यायचंच. जड आहे म्हणून कुरकुर करशील, पण चक्र हातात घेतलं की वाळका पाला वाटतो आणि दारावर टांगलं की माणसाला आपलं घर दिसतं. मोठ्या कागदी पिशव्या. पायाखाली जाड चटई. सपाट चपला. त्या टाचांच्या घातल्यास तर दुपारपासून गिऱ्हाइकांवर खेकसशील. खुर्च्या दोन. एकीवर पिशव्यांचा ढीग मांडायचा नाही.

आता महत्त्वाचं. पेटीत वर एक अर्धवट चक्र ठेवलं आहे. ते मांडीवर घेऊन बसायचं आणि बांधत राहायचं. लोक माल बघत नाहीत, हात बघतात. तुला येत नाही म्हणू नकोस, तुला मी शिकवलं होतं, तुझा जीव लागला नाही ही गोष्ट वेगळी. रोज पंधरा मिनिटं तार वळवून बघ.

आणि झाकणाच्या आत कापडी कप्पा आहे, त्यात एक पाकीट आहे. तिथला नियम तुला माहीत आहे, ज्यानं बनवलं त्यानंच बसायचं. सवलती दोनच. आजारपण असेल तर समितीची लेखी परवानगी. नाहीतर बनवणारा मेलाच असेल, तर घरच्यांनी उरलेला माल एकदाच विकायचा. दुसरी सवलत मला अजून लागू होत नाही, म्हणून पहिलीसाठी डाव्या हातानं दोनदा अर्ज केला. परवानगी ज्यांनी दिली त्या बाई त्याच आठवड्यात निवृत्त झाल्या. नवीन आलेला माणूस कागद बघितल्याशिवाय ऐकत नाही म्हणे. पाकीट पेटीतून काढू नकोस आणि पेटी टेबलाखालून हलवू नकोस.

चिमे, मी वर्षभर कुणाशी फारशी बोलत नाही, हे तू जाणतेस. ते तीन दिवस माझे असतात. त्या कोपऱ्यात मी कुणाची तरी ताई नसते, चक्रवाली असते. जागा सांभाळ.

माया आहेच, ती पेटीत वेगळी घालत नाही.

तुझी,
ताई

*

ता. २९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विकली! बेचाळीसच्या बेचाळीस! शेवटचं, ते कापसाच्या बोंडांचं, दोन बायकांनी एकाच वेळी धरलं आणि मला वाटलं आता तुकडे होणार. तुझ्या हातांचं लोकांनी एवढं कौतुक केलं की विचारू नकोस. ऐकायला तू हवी होतीस.

चादर लांब नेली होती. चपला सपाट होत्या. निळं दार काही रिक्षात मावलं नाही, पण अडलं नाही. दोन्ही खुर्च्या होत्या. अर्धवट चक्रही नेलं होतं, लोक त्याच्याकडे बघत होते.

पेटी आज मालगाडीनं परत पाठवली आहे. अर्धवट चक्र मात्र माझ्याकडेच ठेवलं आहे, चालेल ना? मेणबत्तीवाल्या बाईंनी तुझी फार आठवण काढली. जागेची काळजी करू नकोस, ती कुठे जात नाही. सविस्तर भेटल्यावर बोलू. एवढ्यात इकडे यायची घाई करू नकोस, प्रवासात हात दुखेल.

लोभ नेहमीचा, किंवा थोडा जास्त.

तुझी,
चिमी

*

ता. ४ नोव्हेंबर

चक्रवाल्या ताईंच्या घरच्या मंडळींस,
स. न. वि. वि.

आपला परिचय नाही. प्रदर्शनात ताईंच्या शेजारी मेणबत्त्या घेऊन बसणारी ती मी. चक्रामागच्या चिठ्ठीवर हा पत्ता सापडला म्हणून लिहिते आहे.

ताई गेल्या हे त्यांच्या धाकट्या बहिणीकडून तिथेच कळलं. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर बहिणीनं त्यांचं अर्धवट राहिलेलं चक्र ठेवलं होतं. येणारा जाणारा थांबायचा. मी तीन दिवस त्या खुर्चीकडे पाठ करून बसले.

खोटं कशाला बोलू, आमचं फारसं जमत नसे. माझ्या मेणबत्त्यांचा वास त्यांच्या चक्रांना लागतो, ही त्यांची कायमची तक्रार. एकदा त्यांनी तोंडावर सांगितलं की तुमच्या मेणबत्त्या उभ्या राहत नाहीत, उभं राहण्याचा प्रयत्न करतात. तेव्हापासून मी एकेक मेणबत्ती दोऱ्यानं सरळ आहे का बघते. माझं काम त्यांच्यामुळे सुधारलं आणि हे त्यांना सांगायचं राहून गेलं. दर वर्षी ठरवायची, दर वर्षी काहीतरी चिरडीला येऊन गप्प बसायची. एक चक्र मी घेतलं आहे, ते घरच्या दारावर आहे.

समितीनं तो कोपरा त्यांच्या आठवणीसाठी बहिणीच्याच नावावर केला, तिच्या अभ्र्यांसाठी, हे ऐकून बरं वाटलं. जागा घरातच राहिली.

आपल्या दुःखात मी आहे, एवढंच कळावं.

आपली,
शेजारची मेणबत्तीवाली

*

ता. ९ नोव्हेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

मी गेल्याचं मला आज दुपारच्या टपालानं कळलं. पत्र सोबत जोडलं आहे.

काही गोष्टी विचारायच्या राहिल्या. मी कोणत्या वारी गेले? कशानं? फार त्रास झाला का? शेवटी काय बोलले? गोड बोलून गेले असं सांगितलं असशील तर कुणाचा विश्वास बसला नसेल.

पेटी गेल्या आठवड्यातच पोचली. पक्कड मी गुंडाळलेल्या फडक्यात तशीच होती. पाकीट कप्प्यात होतं, बंद. मी वेडी, मला वाटलं कुणी विचारलंच नसेल.

उत्तर लिही.

ताई

*

ता. १५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहा कागद फाडले, हा सातवा.

पेटी जड होती. रिक्षात पेटी ठेवली असती तर अभ्र्यांची बॅग मावत नव्हती. हो, अभ्रे नेले. चार नाही, तीस नेले. हूक आणि चिठ्ठ्या पिशवीत घातल्या, अर्धवट चक्र घेतलं आणि पेटी घरी ठेवली. पाकिटाची आठवण मला त्या नवीन माणसानं समोर येऊन कागद मागितला तेव्हा झाली.

त्यानं अर्धवट चक्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, बांधून दाखवा. मी दोनदा तार वळवली, दोनदा सुटली. भोवती माणसं जमली. तो म्हणाला, सामान उचला. ताई, तुझंच पत्रातलं वाक्य माझ्या डोक्यात होतं, दुसऱ्या सवलतीचं. तोंडातून निघून गेलं. ते ऐकून त्यानं टोपी काढली आणि माफी मागितली. आता परत कसं घेणार? मी रडले, ते खरं रडले. मग लोक येत गेले आणि मी रडत गेले.

जागा वाचवायला केलं म्हणून लिहिणार होते, पण तू ओळखशील. पहिला दिवस जागेसाठी होता. पुढचे दोन दिवस माझ्यासाठी. अकरा वर्षं मी तिथे उभी राहून तुझं कौतुक लोकांच्या गळी उतरवलं. माझा एक अभ्रा तू त्या टेबलावर चार बोटं जागा देऊन ठेवू दिला नाहीस. त्या तीन दिवसांत सगळे अभ्रे गेले. समितीचा माणूस पुढच्या वर्षाचा फॉर्म घेऊन आला तेव्हा मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण सही करून मोकळी झाले. मला वाटलं, तू घरीच असतेस, कुणाला कळणार आहे.

एक मार्ग सुचतो. तू बांधत राहा. मी तुझी 'राहिलेली' म्हणून दर वर्षी पाच-सहा मांडत जाईन. डोळा चुकवून होईल तेवढं. नावाची चिठ्ठी तुझीच राहील.

मारायचं तर ये आणि मार, पण बोलणं टाकू नकोस.

तुझ्या लोभाची भुकेली,
चिमी

*

ता. २४ नोव्हेंबर

चि. चिमीस,
अ. उ. आ.

अक्षर उजव्या हाताचं आहे, बघ. प्लास्टर निघून बारा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, बोटांना व्यायाम द्या. मी म्हटलं, पुढच्या ऑक्टोबरची तयारी आहे, बोटं हलतीलच. त्यांना काय माहीत, मी कुठून बोलते आहे.

तुझा मार्ग वाचला. मेलेली बाई किती वर्षं ताजी चक्रं पुरवणार, चिमे? पहिल्या वर्षी लोक रडतील, दुसऱ्या वर्षी मोजायला लागतील. आणि मी इथे खिडकी लावून बसायचं, कुणी ओळखीचं रस्त्यात भेटेल म्हणून? मागच्या भिंतीपाशी बसले तेव्हाही मला माझी लाज वाटली नव्हती.

अभ्र्यांचं म्हणालीस ते खरं आहे. चार बोटं जागा होती. मी दिली नाही, कारण तुझे टाके माझ्या तारेपेक्षा सुबक होते आणि लोकांचं लक्ष तिकडे गेलं असतं. हे मी आजवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं. पण मी तुला जागा दिली नाही, तू मला पुरलंस. ह्या दोन गोष्टी एका मापाच्या नाहीत.

त्या मेणबत्तीवालीचं पत्र मी किती वेळा वाचलं असेल! अकरा वर्षांत माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नाही, आणि त्या बाईला मी उत्तरही पाठवू शकत नाही. यासाठी तुला माफ करणं सगळ्यात जड जातं आहे.

समितीला एक ओळीचं पत्र लिहिलं, मी जिवंत आहे म्हणून. तिकीट लावलं, टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले. ते पोचलं तर सगळ्यांसमोर तुला उभं करतील आणि पुन्हा त्या दारातून आत घेणार नाहीत. तुझ्यावर माया उरली नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहायची मला सवय नाही. माया आहे, आणि तिचाच राग येतो आहे.

पेटी उद्या निघते आहे. वारसाला जे मिळतं ते सगळं तिच्यात आहे. पक्कड, तार, डिंक, ब्रश, उरलेल्या चिठ्ठ्या. चक्रांच्या मोकळ्या रिंगाही घातल्या आहेत, मला आता त्या समोर नकोत. पुढच्या वर्षी अभ्र्यांसाठी काय न्यायचं ते सांगते. चादर पांढरी घे, रंगीत टाक्यांमागे रंगीत चादर मरते. वाळूच्या पिशव्या विसरू नकोस. खुर्ची एकच ने.

झाकणाच्या आतल्या कप्प्यात समितीला लिहिलेलं ते पत्र ठेवलं आहे, तिकीट लावलेलं. ते टपालात टाकायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. या वेळी पेटी जड आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस. खाली माझ्या सहीआधी मी एक अक्षर जास्तीचं लिहिलं आहे. ते खोडायचं असेल तर तुलाच खोडावं लागेल.

तुझी,
कै. ताई