शाणी झाल्याची तारीख

बीदर, ४ नोव्हेंबर

सौ. अक्कास रेणूचा शि. सा. न. वि. वि.

हॉस्टेलात मोबाइल रविवारी दहाच मिनिटं मिळतो, तोही वॉर्डनबाईंसमोर, म्हणून पत्र. संघाच्या निवड चाचणीत आठशे मीटरला मी पहिली आले. पण तोंड गोड करायचं सोडून भलतंच लिहावं लागतंय. दुसऱ्या आलेल्या मुलीच्या कोचनं लेखी तक्रार केली की ही मुलगी नाहीच. हिची छाती बघा, आवाज ऐका. आता चौदा तारखेला डॉक्टर तपासणार. तोवर संघातून नाव काढलंय. आमचे सर म्हणाले, कर नाही त्याला डर कशाला. पण अक्का, माझ्या हातून चूक झालीय.

फॉर्मवर पहिली पाळी कधी आली, असं विचारलं होतं. मी मुडबीला आपल्या घरी झालेल्या शाणी झाल्याच्या कार्यक्रमाची तारीख लिहिली. त्या दिवशी काहीच आलं नव्हतं. सतरा वर्षांची झाले, अजूनही आलेलं नाही. आईनंच मला पाच दिवस कोपऱ्यात बसवलं, हिरवी साडी नेसवून गावजेवण घातलं आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. तुलासुद्धा.

मी सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ उरकते. स्वतःकडे बघायचीच भीती वाटते. डॉक्टरांनी मी मुलगी नाही असं सांगितलं, तर मी कोण, अक्का? अप्पांना कळवू नकोस.

लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त असू दे.

तुझी रेणू

*

राजेश्वर, ८ नोव्हेंबर

चि. रेणूस अनेक आशीर्वाद.

येडे, तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी जळली, ती तुझ्या दाजींनी मुकाट खाल्ली. त्या कार्यक्रमाच्या पोळ्या लाटून माझे खांदे भरून आले होते, आणि सगळं खोटं! भांडायच्या तयारीनंच मुडबीला गेले, तर आई रडायलाच लागली. रेणू अजून कामून शाणी झाली न्हाई, असं बायका विचारायच्या म्हणे. त्यांची तोंडं बंद करायला तिनं ते केलं.

तिच्या मनातली खरी भीती चंद्रम्मा मावशीमुळे. मेंढरांच्या नादात मावशीनं लग्नच केलं नाही, असं आपण समजत होतो. तिचं लग्न झालं होतं. तिलाही पाळी कधी आली नाही. नवऱ्यानं आठ महिन्यांत आजोबांच्या दारात आणून सोडलं आणि चार माणसांत ही बाईच नाही म्हणाला. आजोबा गेल्यावर आईनं तिला आपल्याकडं आणलं. तुझंही तसंच होईल, या धास्तीनं आई आजवर गप्प राहिली.

मीही घाबरलेय, खोटं कशाला सांगू. पण तू डॉक्टरांना खरं तेच सांग आणि एकटी आत जाऊ नकोस. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, मला निघता येत नाही. मावशी येते म्हणाली. उभ्या जन्मात ती बसवकल्याणच्या पुढं गेलेली नाही, तेव्हा तू आधीच स्टँडवर जाऊन थांब.

पळणं सोडू नकोस, आमच्यावरची माया पातळ करू नकोस.

तेजश्री

*

बीदर, १५ नोव्हेंबर

सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मावशी वेळेवर पोचली. डॉक्टरबाईंना मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आईच्या माहेरी असं आणखी कुणाचं आहे का, एवढंच विचारलं.  मावशी म्हणाली, व्हय, मी हाय.

बाईंनी तिला विचारलं की तुम्हाला कधी कुणी तपासलं होतं का. तर म्हणाली, हाकलायला समदे आले, इचारायला कुणी आलं न्हाई. मग झंपराची बाही वर सारली आणि हिचं रक्त घ्यायलाव तर माझं बी घ्या म्हणाली. एडक्याला शिंगाला धरून लोळवणारी आपली मावशी, अक्का, सुई बघून तिनं डोळे मिटले आणि माझा हात घट्ट धरला. 

बाई म्हणाल्या, आत्ताच काही सांगता येत नाही. रिपोर्ट दोघींचे बरोबरच येतील, तीन आठवड्यांनी. माझं नाव संघात परत येईल का, ठाऊक नाही. सकाळी सरावाला मात्र गेले.

बसमध्ये चढताना मावशीनं मला एकच विचारलं. रिपोर्टात ती स्वतः बाईच निघाली, तर चाळीस वर्षांचं गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडं?  तुला उत्तर सुचलं तर तिलाच लिही, वाचून दाखवायला आई आहे.

लोभ दोघींवरही असावा.

तुझी रेणू