निळ्यावर निळं

लालबाग, बऱ्हाणपूर
६ जुलै २००३

चि. वंदनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. हॉस्टेलचं जेवण बरं आहे, पंखा चालतो, कागद तपासण्याचं काम समजू लागलंय. एवढ्या तीन बातम्या. चौथी तू खोडलीस. कागद खिडकीशी उजेडासमोर धरून पाहिला, पण तू डांबर ओतल्यासारखं खोडतेस, काही म्हणता काही दिसेना. सव्वीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या मी. खोडलेलं आधी वाचते, मग उरलेलं. असो.

आता कामाचं. सोबत इलोनाची शेवटची सहा पत्रं आणि तिला लिहिलेला माझा एरोग्राम, परदेशी टपालाचा तो घडीचा निळा कागद, आहे. अडुसष्ट साली आम्ही दोघी नव्या नव्या मास्तरणी होतो, ती हंगेरीत, मी इथे. एका मासिकात पत्ते छापून आले आणि पस्तीस वर्षं पत्रं चालली. तिच्या गावच्या जर्दाळूंना मोहोर कधी येतो ते मला पाठ, आणि आपल्या केळीला घड कधी धरतो ते तिला. पण गेल्या चार वर्षांत तिची पत्रं आटत चालली आहेत. आधी चार पानं, मग एक, आता दहा ओळी. मी मात्र दर वेळी जास्तच लिहीत गेले. जागा पुरेना म्हणून अक्षर बारीक केलं, समासातही लिहिलं. मनकर्णाबाई भांडी घासता घासता म्हणाली, मास्तरीणबाई, कागदावर मुंग्या सोडल्या काय?

दोन वर्षांपूर्वी तर तिने एक चिठ्ठी पाठवली, पुढचं पत्र या कॉम्प्युटरच्या पत्त्यावर पाठवशील का म्हणून. खिडकीवरचा बाबू अर्ज परत करतो ना, तसं वाटलं मला. मी त्याचं नावच काढलं नाही.

तर हे माझं शेवटचं पत्र. भांडण नाही, आभारच मानलेत. इंग्रजी तपास आणि तिथूनच पोस्टात टाक. माझ्या हाताने टाकवत नाही.

जपून राहा. लिहीत जा, खोडणं कमी कर.
तुझी आत्या


सहारनपूर
१५ जुलै २००३

ती. स्व. आत्यास,
वंदनाचा सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. तुझं इंग्रजी बरोबर आहे. पत्र मी पोस्टात टाकलेलं नाही. कारण खाली देते. ते पटलं नाही तर कळव, त्याच दिवशी टाकीन.

सहाही पत्रं तारखेप्रमाणे लावली आणि पट्टीने मोजली. १९९९च्या पत्रात दोन ओळींमध्ये सात मिलिमीटर अंतर आहे. या मार्चच्या पत्रात चौदा. मधल्या दोन पत्रांत ओळी तिरक्या होऊन एकमेकींवर चढल्या आहेत. शेवटच्या दोन पत्रांत त्या पुन्हा सरळ आहेत, पण त्या पत्रांच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर सारख्या अंतरावर आडव्या खोबणी लागतात. कागदाखाली पट्ट्या कापलेला पुठ्ठा ठेवून, हाताने चाचपत लिहिल्यावर असं होतं. शेवटची दोन पत्रं सोबत परत पाठवते, बोट फिरवून पाहा. २००१ पासून पाकिटावरचा पत्ता दुसऱ्याच्या अक्षरात आहे.

मी डॉक्टर नाही, कागदापुरतं सांगते. इलोनाबाईंना दिसत नसावं, किंवा फार कमी दिसत असावं. पत्रं आटली नाहीत. एका पानावर मावणाऱ्या ओळी कमी झाल्या.

तुझ्या पत्राबद्दलही सांगणं भाग आहे. निळ्या एरोग्रामवर तू निळ्या शाईने लिहितेस आणि बोटभर रुंदीत पाच ओळी बसवतेस. चांगल्या डोळ्यांच्या मला भिंग घ्यावं लागलं. त्या हे वाचू शकत नाहीत. कोणीतरी वाचून दाखवत असणार. कॉम्प्युटरवर अक्षर थाळीएवढं करता येतं, शिवाय मजकूर मोठ्याने वाचणारे प्रोग्रॅमही असतात. ती चिठ्ठी नकार नव्हती असं मला वाटतं. तुझं पत्र स्वतः वाचता यावं म्हणून त्यांनी सुचवलेला तो मार्ग होता.

तब्येतीस जप. माझी ठीक.
तुझी
वंदना


लालबाग
२५ जुलै २००३

चि. वंदनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्यावर दोन दिवस रागावले. पत्र टाक म्हटलं तर पोरगी पट्टी घेऊन बसली! तिसऱ्या दिवशी चष्मा लावून मीच तू परत पाठवलेल्या इलोनाच्या दोन पत्रांवर बोट फिरवत बसले. खोबणी लागतात गं.

पण ईमेल मला बिलकुल पटत नाही. सगळ्यांचं अक्षर एकसारखं. कोणी घाईत लिहिलं, कोणी रडत लिहिलं, काय कळणार? अक्षर पाहून मला तिचा ताप कळायचा. आणि लिहायचं कुठे, तर लीलाधरच्या सायबर कॅफेत. शेजारच्या खुर्चीवर कोणी रिझल्ट पाहतोय, आणि मी इथे मन मोकळं करू?

हे लिहिलं आणि कान तापले. दोन वर्षांपूर्वी मी तिला माझ्या ऑपरेशनचं सगळं लिहिलं होतं. तुझ्या अण्णांशी माझं वाजलं तेही. ते कोणी वाचून दाखवलं असेल? शेजारणीने? आणि उत्तर लिहिताना ती बाई समोर बसली असेल, तर इलोना दहा ओळींपलीकडे काय लिहिणार? मी समजले, माया आटली. खैर.

आता एक सांग. तिने लपवलंय, ते मला कळल्याचं दाखवू का? तुला अशा गोष्टी बरोबर समजतात. लपवण्यात तू माझी गुरू आहेस.

पावसात बाहेर पडू नको. आशीर्वाद आहेतच, वेगळे मागू नकोस.
तुझी आत्या


सहारनपूर
२ ऑगस्ट २००३

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

विचारू नकोस. त्यांनी पत्ता दिला आहे, त्या पत्त्यावर लिही. उशीर झाला म्हणून क्षमा माग, कारण देऊ नकोस. बाकी त्या सांगायचं तेव्हा सांगतील. लपवणाऱ्याला तेवढा वेळ लागतो.

लीलाधरभाऊंकडे भिंतीकडची जागा माग. दर पाच ओळींनंतर लिहिलेलं साठवून ठेव. कसं ते ते दाखवतील. आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही.

तुझी
वंदना


लालबाग
१३ ऑगस्ट २००३

चि. वंदनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

साठवलं नाही! अकरा ओळी झाल्या होत्या, एका बोटाने, सव्वा तास लागला, आणि लाईट गेली. मी तिथेच कपाळाला हात लावला. लीलाधर म्हणाला, मॅडम, मी तुमच्या भाचीच्या वर्गात होतो, तीही सांगून ऐकायची नाही. म्हटलं, उलट आहे बाबा, ती सांगते, मी ऐकत नाही. त्याने चहा मागवला. लाईट आल्यावर पुन्हा सगळं लिहिलं, या वेळी सहाच ओळी. माफी मागितली, तू सांगितलंस तेवढीच.

दुसऱ्या दिवशी गेले तर उत्तर येऊन पडलेलं. वंदना, केवढं लांब! लीलाधरने छापून दिलं, चार पानं भरली. जुनी इलोना, अगदी तीच.

तिने आपणहून लिहिलंय. नजरेचा मधला भाग गेला, कडेकडेचं थोडं दिसतं. शाळेच्या वाचनालयातल्या बाईंनी कॉम्प्युटर शिकवला. तो पत्र मोठ्याने वाचतो, आणि आवाज जाड्याभरड्या पुरुषाचा आहे. तो पुरुष तिला माझी प्रिय इलोना म्हणतो आणि तिला हसू आवरत नाही. पुढे लिहिते, दोन वर्षांनी तुझं पत्र मी एकटीने ऐकलं, दार लावून. शेजारीण फार चांगली आहे, पण तुझं ऑपरेशनचं पत्र तिने वाचलं तेव्हा तुला लिहायचं होतं ते तिच्या देखत लिहवेना. तू पत्त्याचं नाव काढलं नाहीस, तेव्हा समजले, तूच कंटाळलीस.

दोघी सारख्याच वेड्या. तू ते पत्र टाकलं असतंस तर शेजारणीने ते तिला वाचून दाखवलं असतं. याच्यापुढे मला विचार करवत नाही. ते फाड. तुझे आभार मानले की तू कानकोंडी होतेस, म्हणून या वाक्यापुरतेच मानते, पण मानते.

माझ्याकडे नऊ एरोग्राम उरलेत. हात शिवशिवतो, काय करणार. बरं, आता तूही ईमेलच कर ना. तुझ्या पत्राला आठ आठ दिवस लागतात. मला भिंतीकडची खुर्ची कायमची मिळालीय.

तुपातला गोड दराबा करून पाठवतेय, मैत्रिणींना दे. सगळा एकटीने खाल्लास तरी चालेल.
तुझी आत्या


सहारनपूर
२१ ऑगस्ट २००३

ती. स्व. आत्यास,
वंदनाचा सा. न. वि. वि.

दराबा पोचला. निम्मा वाटला. तुझं ते पत्र फाडलं.

मी ईमेल करणार नाही. तू रागावण्याआधी कारण लिहिते. इलोनाबाईंना दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी ईमेल बरोबर. मला मनातलं बोलता येत नाही, म्हणून माझ्यासाठी कागद.

आई गेली त्या वर्षी अण्णांची नेपानगरच्या मिलमध्ये पाळी असायची आणि मी तुझ्याकडे होते. मी कोणाशीच बोलत नव्हते. तू शाळेच्या डब्यात पोळीखाली चिठ्ठी ठेवायचीस. मी उत्तर लिहून रिकाम्या डब्यात परत आणायचे. मी दोन शब्द लिहिले तर तूही दोनच लिहायचीस. मी पाच लिहिले त्या दिवशी तू पाच. जास्त कधीच नाही. कोणाशी किती लिहावं हे तुला माहीत होतं. फक्त इलोनाबाईंच्या बाबतीत घाबरलीस, म्हणून मुंग्या सोडल्यास.

ईमेलमध्ये खोडलेलं पार नाहीसं होतं. कागदावर ते राहतं. या पत्रात मी एक ओळ खोडली आहे, दराब्याच्या ओळीखाली. ती वाया गेली असं समजू नकोस. रेघ एकदाच मारली आहे, पेन्सिलीने. हा कागद मुद्दाम पातळ निवडलाय, त्यातून उजेड किती जातो ते इथे यंत्रावर पाहून घेतलंय.

सकाळी दहाच्या सुमारास खिडकीशी धर. वाचता येईल.

तुझी
वंदना