दाढ उंच लागतेय

मंगळवार संध्याकाळ, खडकी

आज तुटक्या दाढेवर ऑनले बसवला. दाताच्याच रंगाचं झाकण, इतकं बेमालूम बसलंय की जीभ सारखी तिथेच जाते. डॉक्टर मॅडम पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "काका, चावून बघा. उंच लागतंय का? दुखतंय का?" ही गेल्यापासून इतकी चौकशी कोणी केली होती?

घरी आलो, पोळी-भाजी खाल्ली. काही टोचलं नाही. तरी दवाखान्यात फोन लावला. "मॅडम, दाढ जरा उंच लागतेय." खोटं का बोललो मी?

त्या म्हणाल्या, "उद्या या, बघू. आणि काका, काही दुखत नसलं तरी येत जा."

फोन ठेवला आणि कॅलेंडरवर उद्याच्या तारखेला खूण केली.