मॉनिटरचा ताप आणि चार पानी सूचना

आदरणीय विहीणबाई,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना, जुन्या आणि नव्या, माझा नमस्कार. नवा जुन्याशी जमवून घेतोय ना? (नवं माणूस आलं की जुन्याने थोडं नमतं घ्यावं, असं मी नेहमी म्हणते. आता मी सांगतेय ते तुमच्या लेकीलाच लिहून घ्यावं लागतंय, कारण माझा उजवा हात भारी दुखतो.) लेकाकडे तुमची बडदास्त उत्तम असेल. काठी सुटली का? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही वर्गात असल्यासारख्या बोलता, मला हात वर करून थांबावं लागतं.

आधी महत्त्वाचं. तुमचा मॉनिटर बरा आहे. आज सकाळी त्याने सिलेंडरवाल्याला फाटकात अडवून, हुंगून नीट तपासलं. हे मुद्दाम पहिलं घातलं, कारण पुढचं वाचताना तुम्ही खुर्चीतून ताडकन उठाल, आणि तुम्हाला उठायची बंदी आहे.

‘मॉनिटर मजेत आहे’ असं तुमची लेक गेले पंधरा दिवस फोनवर सांगत होती, ती धडधडीत थाप होती. (लिही, लिही. थाप मारताना जीभ अडखळली नाही, आता पेन कशाला अडखळतंय?) मारायला मी सांगितली होती, हेही लिही.

झालं असं. जायच्या दिवशी तुम्ही मला मॉनिटरची साखळी दिलीत, वाडगा दिलात आणि तुमच्या त्या मोत्यांसारख्या अक्षरातले चार कागद देऊन म्हणालात, “सगळं यात आहे.” मी चष्मा लावला, चारही पानं सावकाश उलटली, मान डोलावली आणि म्हणाले, “फारच सविस्तर आहे हो.” मग ते कागद फ्रिजवर चिकटवून टाकले. मुलगा आणि सून सकाळी आठला कामाला जातात. सासूबाईंनी कागद ताब्यात घेतलेत म्हटल्यावर त्यांनीही तिकडे ढुंकून पाहिलं नाही. साखळीच्या पिशवीत एक छोटी ट्यूब होती. मला वाटलं, बिचाऱ्या गडबडीत गुडघ्याचं मलम विसरल्या. मुलगा तुम्हाला भेटायला आला, तेव्हा मी ती तुमच्या शालीच्या घडीत आठवणीने पाठवून दिली. (किती काळजी घेते मी लोकांची!)

पुढे तीन आठवड्यांनी मॉनिटर गप्प झाला. तुम्हाला त्याचा स्वभाव माहीत आहे. घरात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय, सगळी हजेरी घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो शिलाई मशीनखाली जाऊन पडला. माझा मुलगा उशिरा आला तरी त्याने मान वर केली नाही. मी ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. मी काय पाच पोरं उगाच वाढवली? म्हटलं, अंगात रक्त नाही. बीट उकडलं, कुस्करलं आणि घातलं दोन वेळा. खाल्लंनही शहाण्याने. दुसऱ्या दिवशी लघवी लालभडक. तुमची लेक घाबरली, “आई, डॉक्टरकडे नेऊ या.” मी म्हटलं, “अगं वेडे, बीट खाल्ल्यावर काय निळी होणार आहे?” वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना मी हेच पटवून आले. मला बोलताना कोण अडवणार? त्या पटवापटवीत दोन दिवस गेले, विहीणबाई. ते दोन दिवस माझ्या खात्यावर.

तिसऱ्या दिवशी त्याने पाण्यालाही तोंड लावलं नाही. कान तव्यासारखे तापलेले. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने पावाच्या गाडीतून आम्हाला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची, पण हात पक्का. तिने कानामागचे केस बाजूला केले, तर वाटाण्याएवढ्या टम्म फुगलेल्या गोचिडी! म्हणाली, “आजी, गोचीड चावली की रक्तात बारीक जंतू सोडते. ते तांबड्या पेशी फोडतात. लघवीतला रंग त्याचा आहे, बिटाचा नाही.” मग विचारलं, “मानेवर टाकायचं औषध घातलं नव्हतं का? छोटी ट्यूब असते बघा.”

माझ्या डोळ्यांसमोर तुमच्या शालीची घडी आली.

तिने कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, रंग देऊन वाळवला आणि मलाही बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या यंत्रात बघायला लावलं. गोल गोल तांबड्या चकत्या, आणि एकीच्या पोटात दोन थेंब, टोकाला टोक लावून बसलेले. “काय दिसतं?” म्हणाली. मी म्हटलं, “दोन विहिणी. वाद घालतायत.” ती हसली, पण लगेच गंभीर झाली. रक्त फारच उतरलं होतं. नुसत्या इंजेक्शनने भागेना. मग बेकरीवाल्याचा जाडा, आळशी कुत्रा टेबलावर चढवला. दिवसभर खारी खाऊन साठवलेलं त्याचं रक्त मॉनिटरला दिलं. आता ते दोघे रक्ताचे नातेवाईक झाले, म्हणजे बेकरीवाला तुमचा व्याही आणि पाव घरचा.

घरी आल्यावर तुमच्या लेकीने फ्रिजवरचं दुसरं पान काढलं आणि वाचून दाखवलं. तांबड्या शाईने, खाली दोन रेघा: ‘पहिल्या तारखेला ट्यूब मानेवर घालणे. रोज कानामागे गोचीड पाहणे.’ महिनाभर मी त्या ओळीसमोर उभी राहून पाणी पीत होते. चष्मा जुना झालाय माझा.

दुसरं इंजेक्शन येत्या शनिवारी आहे. तोवर त्याला अंथरुणात भरवते आहे. तुमच्या लेकीला बाळंतपणातही एवढं मिळालं नव्हतं. (हे ती आवडीने लिहिते आहे, बघा.)

तुमची,
विहीण

ता. क. ती ट्यूब गुडघ्याला लावली नसेल तर लावू नका. लावली असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, लाजू नका. नव्या गुडघ्याला गोचीड होणार नाही एवढं मात्र नक्की.

ता. क. माझा हात अजिबात दुखत नाही. चष्माही गेल्याच वर्षीचा आहे. मला वाचता येत नाही, विहीणबाई. बारा वर्षं तुमच्यासमोर पेपर उघडून बसते, फोटो सुलटा असला की पुरे. लग्नपत्रिकेतली चूक तुम्ही दाखवलीत, तेव्हा ‘मलाही खटकलं होतं’ म्हणाले, ती मी. एवढ्या मोठ्या शाळेच्या बाईंसमोर कसं सांगणार? पण माझ्या त्या तोऱ्यापायी मुकं जनावर मरता मरता वाचलं. तेव्हा काठी सुटली की सरळ इकडे या, आणि पाटी घेऊन या. वर्गात मी बडबड केली तर मॉनिटर आहेच.

ता. क. मुद्दा मॉनिटरचाच आहे, पण थोडा दुसराही आहे. तुमची पत्रं आली की तुमची लेक मला मोठ्याने वाचून दाखवते. मध्येच ती थांबते, गालात हसते आणि दोन ओळी गाळून पुढे जाते. त्या ओळी मला स्वतः वाचायच्या आहेत.