तोंडी हुकूम

सोमवार, ४ मार्च

पोचलो. खोली झकास आहे. खिडकीतून न्यायालयाच्या पायऱ्या दिसतात, म्हणजे अंथरुणात पडल्या पडल्याही बातमी गोळा करता येईल. संपादकांना हे अर्थातच कळवलेलं नाही. मेजाचा एक पाय आखूड निघाला, त्याखाली माझ्याच जुन्या लेखांची घडी सारली. माझ्या लेखनाचा कुणाला तरी आधार झाला!

निघताना हिनं बजावलंय, अहो, तिथे कुणावर डाफरू नका, आणि फोन वाजला की झडप घालायची खोड तेवढी सोडा. वार्ताहरानं वाजता फोन सोडायचा? जेवताना, दाढी करताना मी फोन घेतलेत. एकदा दवाखान्यात भूल पुरती उतरली नव्हती, तरी शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांचा फोन घेऊन त्यांच्या जावयाला दोन प्रश्न विचारले होते.

आलोय महापौरांच्या खटल्यासाठी. नदीवरचा पादचारी पूल उद्घाटनानंतर महिन्याच्या आत कोसळला, माणसं मेली. ठेकेदाराचे पैसे खाऊन महापौरांनी तो घाईनं उघडायला लावला, हा आरोप. पण कागद एकही नाही. हे गृहस्थ सगळे हुकूम तोंडी देतात. आमच्या वडिलांनी लहानपणी संस्कृतची रूपं घोकून घेतली ती अशी कामी येतात: पौर म्हणजे नगरवासी, त्यांत मोठा तो महापौर. कशाच्या जिवावर मोठा झाला, ते व्याकरणात नाही.

मंगळवार, ५ मार्च

सरकारी वकील म्हणजे भला माणूस. देह अघळपघळ, हसणं गडगडाटी आणि मिशी अशी की आधी ती दारातून आत येते, मागून वकील. भाषणात त्यांनी एक सुभाषित मोडलं, मी हळूच जोडून दिलं, तेव्हापासून मी ‘शास्त्रीबुवा’. म्हणाले, शास्त्रीबुवा, या खेपेला गडी सुटत नाही. सुटला तर ही मिशी उतरवीन.

महापौर व्हरांड्यात दिसले. कुणीतरी मेलेल्या माणसांबद्दल विचारलं. त्यांनी अंगठ्यानं डावी भुवई पुसली, हसले (अर्ध्यात गिळलेलं, ओलसर हसू) आणि म्हणाले, "होतं असं. चालायचंच." जणू दूध उतू गेलं होतं.

खटला उभा आहे तो एका साक्षीवर. पालिकेच्या इंजिनियरबाई. पूल उघडू नका असं त्यांनी महापौरांना तोंडावर सांगितलं होतं. पुढे त्याच पुलावरून त्यांचा धाकटा भाऊ गेला, तो गेलाच. धमक्या येतात म्हणून बाईंनी घरचा फोन तोडलाय, मोबाइल नदीत टाकलाय. चहा पिताना मला म्हणाल्या, "दादा, मी एकदाच बोलणार आहे. बोलेन ते जसंच्या तसं छापाल?"

शब्द दिला.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी बातमी: महापौर आपले सगळे नगरसेवक घेऊन सत्ताधारी पक्षात गेले. कालपर्यंत ज्यांनी त्यांना चोर म्हटलं, त्यांनीच हार घातला. हार घालणाऱ्याचे हात थरथरले नाहीत, याचीच मला जास्त चीड आली.

दुपारी वकिलांच्या खोलीत बसलो होतो. त्यांच्या मेजावर एक काळा, जुनाट फोन आहे. मला वाटत होतं शोभेचा असेल. तो वाजला. वकिलांनी उचलला आणि ऐकता ऐकता खुर्चीतून हळूहळू उठून उभे राहिले. शेवटी फक्त ‘बरं’.

कुणाचा, म्हणून विचारलं. म्हणाले, वरून.

मग त्यांनी अंगठ्यानं डावी भुवई पुसली.

सोमवार, ११ मार्च

वकील न्यायालयात आले. मिशी नव्हती.

उभं राहून त्यांनी अर्ज दिला: सरकारला हा खटला मागे घ्यायचा आहे. न्यायाधीशांनी तो तिथल्या तिथे फेटाळला. किडकिडीत म्हातारा, पण आवाज असा की पंखे थांबावेत. हे न्यायालय आहे, कुणाच्या घरची बैठक नाही, म्हणाले. उद्या साक्ष होणार म्हणजे होणार. मला टाळी वाजवावीशी वाटली.

बाहेर मी वकिलांना गाठलं आणि हिनं नको म्हटलेलं केलं, डाफरलो. लाज वाटत नाही का, त्या बाईला कुठल्या तोंडानं भेटाल, असं बरंच. ते हसले. अर्ध्यात गिळलेलं, ओलसर.

"होतं असं. चालायचंच."

नक्कल नव्हती. आवाजच त्यांचा नव्हता. आणि गळा हलत नव्हता.

मंगळवार, १२ मार्च

कामकाजाआधी न्यायाधीशांच्या दालनात फोन वाजला. दाराबाहेरून मी ‘बरं’ ऐकलं.

इथली पद्धत अशी की साक्षीदार बोलतो, ते ऐकून न्यायाधीश मजकूर सांगतात आणि टंकलेखक तोच टंकतो. पुढे खरी ठरते ती टंकलेली साक्ष. बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. आवाज स्वच्छ, न अडखळता. सगळं बोलल्या.

न्यायाधीशांनी भुवई पुसली आणि मजकूर सांगितला: पूल चांगला आहे असं मी महापौरांना कळवलं होतं.

बाई ओरडल्या, मी असं म्हणाले नाही! त्यांनी पुन्हा सांगितलं, तेच. टंकलेखक टंकत राहिला. सगळे खाली बघत होते, आणि कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे.

हरामखोर आहेत. दुसरा शब्द आठवत नाही, आणि आज शोधायचाही नाही. वकिलाच्या खोलीत जातो. आज मिशीसकट हिशेब.

त्याच दिवशी, दुपारी

वकील नव्हते. खोली रिकामी.

फोन वाजला.

मी उचलायला नको होता, हे कळत होतं. पण वाजत होता. हात आपणहून गेला, आणि अंगात इतका संताप होता की म्हटलं, बरं झालं, जो कोणी वर बसलाय त्याला एकदा ऐकवू दे. ऐकवलंही. सगळं. पलीकडून फक्त श्वास. मग ते हसू.

केव्हा उभा राहिलो माहीत नाही. ‘बरं’ म्हणालो.

का म्हणालो?

बुधवार, १३ मार्च

काल संपादकांना मजकूर फोनवर सांगितला. बाईंचा शब्द न् शब्द. आज छापून आलंय: पूल चांगला होता, इंजिनियरबाईंची कबुली.

संपादकांवर ओरडलो. ते म्हणाले, अहो, तुम्हीच तसं सांगितलंत. मी दोनदा विचारलं, तुम्ही हसलात.

मी हसलो नाही.

हिचा फोन आला. सांगायला लागलो, हे बघ, इथे काहीतरी भयंकर— तिनं मला मध्येच तोडलं. मग अगदी परक्याशी बोलावं तशी म्हणाली, "आपण कोण? फोन जरा ह्यांना देता का?"

गुरुवार, १४ मार्च

बोलत नाही आता. तोंड मिटून बसलोय. हातात अजून मी आहे. म्हणून लिहितो.

खाली न्यायालयाच्या पायऱ्यांवर बाई उभ्या आहेत. हातात कालचं वर्तमानपत्र. वर, माझ्या खिडकीकडे बघतायत.

जसंच्या तसं, म्हणालो होतो. लिहून खाली टाकतो. एवढंच.

शुद्धीवर आहे तोवर—

बाई म्हणाल्या, पूल चांगला

नाही.

बाई म्हणाल्या, महापौरांचा काही दोष—

नाही. नाही! मी समोर बसलो होतो. माझ्या कानांनी— भुवईला खाज येतेय. पुसायची नाही.

बाई म्हणाल्या: मी त्यांना सांगितलं, खांबाला तडा गेलाय. पूल उघडू नका. माणसं मरतील. त्यावर महापौर हसले आणि म्हणाले

हे लिहायलाच हवं. याच शब्दांवर सगळं— पण हेच शब्द लिहायचे म्हणजे

लिहितो. त्याचे आहेत. माझे नाहीत. बाई, त्याचे—

महापौर म्हणाले, होतं असं. चाला