छातीवर पेटी, चोवीस तास

३ मार्च, सकाळी ६.४०
बुटाची लेस बांधायला वाकलो आणि छातीत एकदम धडधड. मनगटावरचं घड्याळ ठोके दाखवतंय १९२. घड्याळ बिघडलंय. दम रोखून पोटावर जोर दिला, खट्कन थांबलं. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच.

संध्याकाळी
बायकोने घड्याळ स्वतःच्या हाताला लावलं. ७६. म्हणाली, घड्याळ ठीक आहे. तिला यंत्रातलं काय कळतं? तेवीस वर्षं क्रेन चालवतोय मी.

६ मार्च
बायकोने ओढून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. म्हटलंच होतं. तरी डॉक्टरबाईंनी छातीवर ठोके नोंदवणारी पेटी लावली, चोवीस तास. म्हणाल्या, रोजची सगळी कामं करा, वाका, जिने चढा, धडधडलं की वेळ कागदावर लिहा. साइटचं फिटनेस सर्टिफिकेट याच रिपोर्टवर. म्हणजे परीक्षाच. तयारी पक्की करणार.

७ मार्च
रजा टाकली. खुर्चीतून हललो नाही. चहा बंद, मॅच बंद, मेव्हण्याचा फोन बंद. पेटी परत द्यायला निघताना बूटही बायकोने चढवले. कागद कोरा. पेटीला फसवताय की मला, असं विचारत होती. डोळे मिटून घेतले, नाहीतर ठोके वाढले असते.

१० मार्च
रिपोर्ट स्वच्छ. पास! सर्टिफिकेट खिशात.

१२ मार्च, दुपारी, क्रेनवरून उतरल्यावर
केबिनमध्ये पाण्याची बाटली पडली. वाकलो, आणि सुरू. हुकाला दीड टन सळया, खाली माणसं. जोर दिला, थांबेना. पुन्हा दिला, थांबेना. डोळ्यांपुढे अंधारी. वॉकीवर सिग्नलमनला कसंबसं सांगितलं, माणसं हटव. सतरा मिनिटं लोड हवेत आणि माझा जीव टांगणीला. खूप घाबरलो. मग आपोआप थांबलं. लोड उतरवला. सिग्नलमनने विचारलं तर म्हणालो, वारा होता. झाडाचं पान हलत नव्हतं.
कुणाला सांगायचं नाही. उद्यापासून बाटली दोरीने बांधणार.

१३ मार्च
डॉक्टरबाईंनी बोलावलं. टेबलावर ही वही. बायकोने सकाळीच नेऊन दिलेली, कागद कोरा होता म्हणून.
म्हणाल्या, "पेटीत काही सापडलं नाही. वहीत सगळं सापडलं."
वाकलं की एकदम सुरू, जोर दिला की एकदम बंद. त्यांच्या मते बहुधा हृदयात विजेची एक जादा वाट आहे, जन्मापासूनची. जोर दिल्यावर एक नस ठोक्यांना लगाम घालते, त्यात इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. तपासणीत पक्कं झालं की मांडीतून तार घालून ती वाट जाळतात, माणूस बहुतेक वेळा कायमचा बरा होतो. तोवर क्रेन बंद. मी खिशातलं सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं.
बाहेर बायको थांबली होती. आलो तर माझी लेस सुटलेली. मी वाकायच्या आत बायको वाकली. बांधता बांधता एवढंच म्हणाली, "काल वारा फार होता का हो?"
डोळे भरून आले. ठोके ९८.
घड्याळ ठीक आहे.